सामानाजवळ कोण बसणार?

परीक्षा संपत आल्या आणि आमच्या घरात एकच विषय सुरू झाला: मे महिन्यात थीम पार्कच्या रिसॉर्टवर राहायला जायचं. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, भाची आणि आई. दादा-वहिनींना रजा नाही, म्हणून त्यांची लेक आमच्याबरोबर. बेत मुलांनी केला, तारखा शाळेने ठरवल्या आणि खोल्या बघायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

कारण तो बुकिंगचा फॉर्म. कुठलंही हॉटेल उघडा, ‘२ अ‍ॅडल्ट, २ चाइल्ड’ हाच हिशेब. घर म्हणजे आई-बाप आणि दोन मुलं, विषय संपला. तिसरं मोठं माणूस भरलं की निम्म्या खोल्या पडद्यावरून गायब होतात आणि उरलेल्यांत ‘एक्स्ट्रा बेड’ नावाची ओळ उगवते. खोलीचे बारा फोटो असतात, बाल्कनीचा असतो, बाथरूममधल्या साबणाचासुद्धा असतो. या बेडचा नसतो. तो कसा असतो ते मला माहीत आहे. रिसेप्शनला तीन-चारदा फोन केल्यावर रात्री एक मुलगा गादी घेऊन येतो. बाथरूमचं दार आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी जागा असते तेवढ्यात ती अंथरतो. आणि त्या गादीवर कोण झोपणार याची चर्चाही होत नाही. “मला काय, कुठेही झोप लागते,” असं म्हणून आजी तिथे आडवी होते. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई रात्री दोनदा उठते तेव्हा कपाटाच्या कडेला धरून उठते.

  

पार्कशेजारी मुक्काम करायची पद्धत आपल्याकडे तशी अलीकडची. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. सकाळी बोटीने जायचं, संध्याकाळी दमून घरी. द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका आलं २०१३ साली आणि त्याच्या शेजारचं २८७ खोल्यांचं हॉटेल २०१५ पासून. अमेरिकेत ही जोडी फार जुनी. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे हॉटेल बांधायला पैसे उरले नव्हते; जॅक रॅदर या टीव्ही निर्मात्याने ते शेजारी उभं केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू केलं. फ्लोरिडात १९७१ साली डिस्नेचं पार्क उघडलं तेव्हा मात्र दोन हॉटेलं त्याच दिवशी तयार होती.

आता आपला हिशेब. खोली मिळते दुपारी दोनला, सोडायची दुसऱ्या दिवशी अकराला. पार्क उघडतं साधारण त्याच अकराच्या सुमाराला. म्हणजे एका रात्रीचं भाडं भरलं की पार्क चालू असताना खोली हातात असते ती फक्त पहिल्या दिवशी, दुपारी दोनपासून पुढे. ही गोष्ट ओळखीतल्या कितीतरी जणांच्या लक्षात येत नाही. दोन वाजता ते रांगेत असतात आणि पार्क बंद झाल्यावरच किल्ली घ्यायला येतात. एवढे पैसे भरलेत तर खोलीत कशाला बसायचं, वसूल करायला नकोत का, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. मे महिन्यातली दुपारची खोपोली ज्याने सोसली आहे त्याला कळेल की त्या भाड्यातले खरे मोलाचे तास हेच. सकाळी पोचायचं, बॅगा रिसेप्शनला ठेवायच्या, दोन-तीन राइड करायच्या, ऊन चढलं की जेवून खोलीवर यायचं, पडदे ओढून तासभर झोपायचं आणि पाचला ताजंतवानं होऊन परत पार्कात. पार्कच्या दाराशी हॉटेल घ्यायचं ते याचसाठी. एकच काळजी घ्यायची: बाहेर पडून त्याच तिकिटावर परत आत येता येतं का, ते बुकिंगच्या आधी विचारून घ्यायचं.

दुसरा हिशेब खोल्यांचा. ‘फॅमिली स्वीट’ हे नाव ऐकायला बरं वाटतं, पण एका खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के लागतो. तेवढं किंवा त्याहून कमी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणजे १३,००० रुपयांचा एक स्वीट करासकट १५,३४० ला पडतो आणि ७,००० च्या दोन साध्या खोल्या १४,७०० ला. दोन खोल्या, दोन बाथरूम, सगळ्यांना खरे पलंग, आणि वर पैसे कमी. एका खोलीत आई आणि दोघी मुली, दुसरीत आम्ही दोघं आणि चिरंजीव. तिघी दोन पलंगांवर झोपतात. मुली लहान आहेत, एका पलंगावर मावतात. आईला पूर्ण पलंग मिळतो, तोही खिडकीकडचा. हॉटेलात फोन उचललेल्या माणसाने “मॅडम, फॅमिलीसाठी स्वीटच घ्या,” असा बराच आग्रह केला. मी घेतला नाही.

हे सगळं ठरवून मी आईला सांगायला गेले. ती मटार सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, तुम्ही जा ना. मी येऊन काय करू? आणि आले तरी सामानाजवळ बसेन.”

सामानाजवळ बसेन! या दोन शब्दांनी माझा आठवडा खाल्ला, आणि खरं म्हणजे हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

कुठल्याही पार्कात जा, मोठ्या राइडच्या समोर एक बाकांची रांग असते. त्या रांगेत साठीच्या पुढच्या बायका बसलेल्या असतात. मागच्या एका सहलीत मी आईकडे लांबून नीट बघत होते. तिच्या डाव्या हाताला तीन सॅक, पायाशी चपलांचे जोड, मांडीवर पर्स, पर्सवर दोन चष्मे आणि रुमालात गुंडाळलेले फोन, मनगटात ओल्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी. सावली सरकली की ती हे सगळं एकेक करून बाकाच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. शेजारी नगरच्या एक बाई होत्या, त्यांच्याही भोवती तसाच पसारा. दोघींची ओळख झाली, एकमेकींच्या सुनांची चौकशी झाली, शेंगदाण्याचा लाडू इकडून तिकडे गेला. हे बघायला छान वाटतं. पण भाचीने नंतर मला सांगितलं की आजी दुपारभर पाणी प्यायली नाही. प्यायलं तर बाथरूमला जावं लागेल, आणि गेलं तर बॅगा कोण बघणार?

त्या बाईने पूर्ण तिकीट काढलेलं असतं. काही पार्क ज्येष्ठांना सवलत देतात, पण सवलतीचं का असेना, तिकीट असतंच. ते काढून ती दिवसभर आमच्या चपला राखते. आणि घरातल्या एकालाही हे खटकत नाही, कारण ती तक्रार करत नाही. उलट आम्ही बाहेर सांगतो, “आई पण आली होती, तिनेही खूप एन्जॉय केलं.”

डिस्नेच्या पार्कांत ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे. उंची कमी म्हणून एखादं मूल राइडमध्ये बसू शकत नसेल, तर एक पालक त्याच्याजवळ थांबतो, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेल्याला पुन्हा सगळी रांग न लावता जाता येतं. थांबणाऱ्याचीही पाळी असते, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. आपल्या पार्कांनी ही सोय जरूर करावी आणि ती बाकावर बसलेल्या प्रत्येकासाठी करावी. खर्च जवळजवळ काहीच नाही; एक छापलेली चिठ्ठी पुरे. बाकांवर छप्पर घालावं. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह बाकांपासून हाकेच्या अंतरावर असावं.

आणि आजीला राइड नको असते हेही आपण परस्पर ठरवलेलं असतं. रोलरकोस्टर नको, कबूल; पाठ, मान, रक्तदाब, सगळ्यांचा विचार करायलाच हवा आणि दारावरच्या पाटीवर लिहिलेलं वाचायलाच हवं. पण बहुतेक पार्कांत मुलांची आगगाडी असते, सावकाश फिरणारा चक्रपाळणा असतो, वातानुकूलित सभागृहातला खेळ असतो. इमॅजिकात ‘आय फॉर इंडिया’ आहे, खुर्चीत बसून देशातली ठिकाणं आकाशातून बघायची. माझी आई काशीला जाऊन आली आहे, रामेश्वरला जाऊन आली आहे, आणि विमानात खिडकीची जागा मिळाली तर उतरेपर्यंत काचेला नाक लावून बसते. तिला हे आवडणार नाही असं कोण म्हणेल? तिला विचारतं कोण, हा प्रश्न आहे.

मी विचारलं. मटाराचं टोपलं बाजूला सारून ती म्हणाली, “गाडी असेल तर बसेन. पाळण्यात नाही हं, पाळण्यात मला लहानपणापासून गरगरतं.” मग थोड्या वेळाने, “आणि सामान?”

तर या लेखाचं सांगणं तेवढंच आहे. मे महिन्यात अशा ठिकाणी जाणार असाल, तर बुकिंग करताना आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा पलंग ठरवा, मग बाकीच्यांचे. दुपारी दोनला खोलीवर परत या आणि त्यांना झोपू द्या. पार्कात त्यांच्या हातात फक्त त्यांची पर्स आणि पाण्याची बाटली असू द्या. बाकावर थांबायचंच असेल तर पाळी लावा, जावयापासून सुरुवात करा. आणि आत शिरल्या शिरल्या पहिली गोष्ट करा: लॉकर भाड्याने घ्या. तो प्रवेशद्वाराजवळच असतो.