ऊस शेतात, डेटा ढगात, काटा कोणाकडे?

दिवाळीत मामांकडे गेले होते. इंदापूर तालुक्यात त्यांचा तीन एकर ऊस आहे. सकाळी बघते तर मामा पाण्याच्या टाकीवर उभे आणि मोबाइल धरलेला हात आभाळाकडे. विचारलं, "मामा, काय चाललंय?"

"अगं, रानात सेन्सर बसवलाय ना, त्याचा मेसेज येतो. खाली रेंज नाही म्हणून वर आलो. आला बघ. म्हणतोय, आज पाणी द्या. आता ह्याला कोण सांगणार, की लाइट रात्री बाराला येणार आहे?"

आम्ही हसलो. पण एसटीत बसल्यावर डोक्यात तेच. कॉलेजात 'मोबाइल क्लाउड', 'एंटरप्राइज क्लाउड', त्यातल्या संधी, त्यातली आव्हानं हे सगळं स्लाइडवर पाहिलं होतं. इथे ते सगळं एका टाकीवर उभं होतं.

ढग म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर

क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतले, दुसऱ्याच्या मालकीचे कॉम्प्युटर आपण इंटरनेटवरून वापरतो आणि वापरू तेवढं भाडं देतो. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये भारतात क्लाउड केंद्रं सुरू केली तेव्हा मुंबई आणि चेन्नईसोबत पुणेही होतं. म्हणजे हा ढग आपल्याला तसा परका नाही.

कंपन्यांना हे का परवडतं ते साखर कारखान्यावरून लगेच कळतं. उसाची नोंद, तोडणीचा प्रोग्राम, वजनाची पावती, बिलं, या सगळ्याचा ताण गाळप हंगामात येतो, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उरलेले महिने कामाचा जोर कमी. मोठे सर्व्हर विकत घेतले तर ते तेवढे महिने नुसते धूळ खातात. क्लाउडवर हंगामात क्षमता वाढवता येते, हंगाम संपला की कमी करता येते. वर्षातून चार दिवस लागणारा ट्रॅक्टर आपण विकत घेत नाही, भाड्याने आणतो. हिशेब तोच.

मोबाइलच्या बाजूने बघितलं तर दहा हजारांच्या फोनला उपग्रहाचे फोटो तपासणं झेपणार नाही. ते काम क्लाउड करतो, फोन फक्त उत्तर दाखवतो. म्हणून साधा फोन असलेल्या माणसालाही मोठ्या कॉम्प्युटरची ताकद मिळते.

बारामतीत काय घडलं?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृषी विज्ञान केंद्राच्या शेतावर उसाचा प्रयोग उभा केला. सोबत मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाशी जोडलेले तज्ज्ञ. रानात हवामान केंद्र, मातीत ओलावा आणि अन्नद्रव्यं मोजणारे सेन्सर, वरून उपग्रहाची चित्रं. ही सगळी माहिती मायक्रोसॉफ्टच्या 'अझुर' क्लाउडवर जाते, तिथे एआय तिचा अर्थ लावतं आणि पाणी किती, खत कधी, कीड कुठे, हे शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत येतं. पहिल्या टप्प्यात सुमारे 1000 शेतकरी घेतले.

फेब्रुवारी 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा व्हिडिओ टाकला, त्यावर इलॉन मस्क यांनी कमेंट केली आणि बारामती जगभर ट्रेंडिंग झाली. प्रयोगाच्या प्लॉटवर उसाचं वजन 30 ते 40 टक्के जास्त भरल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. हे आकडे प्रयोगाच्या प्लॉटचे आहेत, हे मात्र विसरायचं नाही. तिथे तज्ज्ञ हाताशी असतात. मामांच्या रानात फक्त मामा असतात. तरी सरकारने दिशा पकडली. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 500 कोटींच्या 'महाॲग्री-एआय' धोरणाला मंजुरी दिली.

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्याला असा प्रयोग पहिल्यांदाच बघायला मिळतोय असंही नाही. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागात 'वारणा वायर्ड व्हिलेज' आलं. 70 गावांत कॉम्प्युटरची केंद्रं. शेतीसल्ला, बाजारभाव अशी मोठी स्वप्नं होती. प्रत्यक्षात लोक केंद्रावर यायचे ते मुख्यतः आपल्या उसाचा हिशेब बघायला. पुढे मायक्रोसॉफ्टच्याच भारतातल्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून तेच काम साध्या फोनच्या एसएमएसवर करून दाखवलं, तेही कमी खर्चात. यातून एक गोष्ट समजते. तंत्रज्ञान कितीही भारी असो, शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो 'माझं वजन किती, माझे पैसे किती?'

टेलला पाणी पोचत नाही, रेंजही नाही

नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापुरात जातो. टेलच्या गावांना आवर्तनात पाणी उशिरा आणि कमी मिळतं, ही तक्रार जुनीच. इंटरनेटचंही तसंच आहे. गावठाणात फोर-जी, फाइव्ह-जी आणि रानात एक काडी. क्लाउडवरचं ॲप चालायला रेंज लागते, आणि ऊस काही चौकात उगवत नाही.

दुसरी अडचण लाइटची. शेतीपंपाला बऱ्याच ठिकाणी आठ तास वीज, तीही दिवसा आणि रात्री अशा पाळीने. ॲपला मातीचा ओलावा कळतो, फीडरचं टाइमटेबल कळत नाही. सल्ला बरोबर असूनही उपयोगाचा नसतो तो असा. तिसरी अडचण, क्लाउडच बंद पडला तर? 2025 च्या दिवाळीतच, 20 ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बिघाड झाला आणि स्नॅपचॅटसकट कितीतरी ॲप्स जगभर अडकली.

पण या तिन्ही अडचणींवर इंजिनिअर उपाय काढू शकतात. रेंज नसताना माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येते. फीडरचं वेळापत्रक ॲपला जोडता येतं. खरी मेख पुढे आहे.

काट्याचा प्रश्न

उसाच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, कारखान्यावर गाडी गेली की सगळ्यांचे डोळे कुठे असतात? काट्यावर. काटामारीचे आरोप दर हंगामात होतात. म्हणून अनेक जण आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतात. हा काही कारखान्याशी उभा दावा नसतो. माझ्या मालाचं माप माझ्याकडेही असावं, एवढंच म्हणणं असतं.

आता विचार करा. मातीचा ओलावा, खताचा हिशेब, उतारा किती येणार याचा अंदाज, ही सगळी मापं क्लाउडवर जाताहेत. हाही एक काटाच आहे. मग इथे बाहेरचा काटा कुठला?

मी मामांना म्हटलं, "गेल्या वर्षभराचं रीडिंग दाखवा ना." ॲपमध्ये फक्त 30 दिवसांचं होतं. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, बाकीचं 'सिस्टीममध्ये' आहे. सेन्सर मामांच्या रानात, पैसे मामांचे, माती मामांची आणि वर्षभराची माहिती कंपनीकडे. उद्या कंपनी बदलायची म्हटलं तर मामा पुन्हा शून्यावर. हीच माहिती बँकेने, विमा कंपनीने किंवा ऊस घेणाऱ्याने विकत घेतली तर मामांच्या रानाबद्दल समोरच्याला मामांपेक्षा जास्त कळेल.

हा प्रश्न फक्त छोट्या शेतकऱ्याचा नाही. जुलै 2025 मध्ये गुजरातच्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीला हा फटका बसला. तिच्यात रशियन कंपनीचा वाटा आहे, म्हणून युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. ईमेल, टीम्स बंद. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग काही दिवसांत सेवा परत आल्या. पैसे भरून घेतलेली, भारतात वापरली जाणारी सेवा दुसरीकडच्या निर्णयाने थांबली. एवढ्या मोठ्या रिफायनरीची ही गत, तर तीन एकरवाल्याचं काय?

आपल्याकडे 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. पण तो माणसाच्या माहितीचा कायदा आहे. नाव, मोबाइल नंबर त्यात येतो. मातीच्या ओलाव्याचं काय, हे तिथे स्पष्ट नाही. युरोपने इथे पुढचं पाऊल टाकलंय. 12 सप्टेंबर 2025 पासून तिथे 'डेटा ॲक्ट' लागू झाला. इंटरनेटला जोडलेलं यंत्र वापरणाऱ्याला, मग तो ट्रॅक्टर का असेना, त्यातली माहिती मागायचा हक्क मिळाला. एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जाणंही सोपं करावं लागणार आहे. बाहेरचा काटा म्हणतात तो हाच.

आपण यात कुठे?

बारामतीत इंजिनिअरिंग, आयटी, बीसीएस, ॲग्री, सगळं शिकायला मिळतं. तरी प्लेसमेंटचं स्वप्न हिंजवडीपाशी थांबतं. क्लाउडचं मोठं काम तिथे आहेच. पण रान आणि क्लाउड यांच्यामधलं काम इथेच पडून आहे. सेन्सरचं रीडिंग माती परीक्षणाशी ताडून बघणं, रेंजशिवाय चालणारं ॲप, वाचता न येणाऱ्यासाठी आवाजात मराठी सल्ला, कारखान्याचा डेटा सुरक्षित ठेवणं. यासाठी कोडिंग येणारा हवा, तसा आडसाली आणि खोडव्यातला फरक कळणाराही हवा. दोन्ही येणारी मुलं-मुली आपल्याच वर्गात आहेत.

सुरुवातीला फार पैसेही लागत नाहीत. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा कोर्स फुकट शिकता येतो. 'अझुर फॉर स्टुडंट्स'मध्ये क्रेडिट कार्डाशिवाय 100 डॉलरचं क्रेडिट मिळतं. कार्ड जोडून शिकत असाल तर प्रोजेक्ट संपल्यावर सर्व्हर बंद करायला मात्र विसरू नका. भाड्याचा ट्रॅक्टर चालू ठेवून झोपलं तर डिझेलचं बिल आपल्यालाच येतं.

आणि घरात कुणी सेन्सर किंवा ॲप घेत असेल, तर सही करण्याआधी एवढं विचारा:

• माझ्या रानाची सगळी माहिती मला फाइलमध्ये मिळेल का?
• कंपनी सोडली तर ती माहिती पुसणार की ठेवणार?
• माझ्या परवानगीशिवाय ती कुणाला देणार का?
• रेंज नसेल तेव्हा ॲप काय करतं?
• हे सगळं मराठीत लिहून देता का?

मामांनी कंपनीच्या माणसाला परत फोन लावला. म्हणाले, "कारखान्याला ऊस घालतो ना, तरी बाहेरच्या काट्यावर वजन करतो मी. तसं तुमच्या ढगाचं माप मला कुठं मिळंल?" तो म्हणाला, विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही. मामा वाट बघताहेत आणि यंदाची रीडिंग रोज वहीत लिहून ठेवताहेत.