बोटांच्या सुरकुत्या
विहिरीत मनसोक्त डुंबलं की बोटं सुरकुततात. कातडी पाणी पिऊन फुगते, असं आपण धरून चालतो. मग ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलाय, ते पाण्यात गुळगुळीतच कसं राहतं? ही गोष्ट डॉक्टरांच्या १९३०च्या दशकातच ध्यानात आली होती. भिजलेल्या बोटांतल्या रक्तवाहिन्या मज्जातंतूंच्या हुकमाने आकसतात, आतला भाग आक्रसतो आणि वरच्या कातडीला चुण्या पडतात. अशा बोटांनी ओल्या गोट्या चटकन उचलता येतात, असं २०१३मध्ये ब्रिटिश संशोधकांना आढळलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात तो फायदा दिसला नाही. वाद चालू राहो. स्पर्श कळतो का, हे सांगू न शकणाऱ्या लहानग्याचा मज्जातंतू शाबूत आहे का, हे पाहायला डॉक्टर मात्र त्याची बोटं कोमट पाण्यात बुडवतात. सुरकुत्या उमटल्या, की उत्तर मिळतं.