भरतीच्या पोरापोरींनो, पायाचा फोड सोलू नका

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी वाशिम जिल्ह्यात पहाटे धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला, त्यांच्या आईवडिलांना आणि अकॅडमी चालवणाऱ्यांना ही कळकळीची विनंती आहे. आज रात्री झोपण्याआधी पाय धुवा, उजेडात धरा आणि तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या नीट बघा. फोड आला असेल तर त्याचं कातडं सोलू नका. त्यावर बिबा, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, राख, काहीही लावू नका. आणि उद्या पहाटे त्याच बुटात, तसेच्या तसे, राउंड मारायला जाऊ नका. ज्याला पुढचं वाचायला सवड नाही त्याने एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

सवड असेल त्यांनी मात्र बसून वाचा, कारण यात नोकरीही जाते आणि कधीकधी पायावरही बेतते.

आधी नोकरीचं. शिपाई पदाच्या चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि ५० पैकी २० गुण या एकाच धावेला आहेत. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत, मुलींनी २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत संपवलं तर पूर्ण गुण; पुढे सेकंदांच्या टप्प्यांनी गुण उतरत जातात. राज्य राखीव दलाची तयारी करणाऱ्यांना तर ५ किलोमीटर आहेत. २०२४ च्या भरतीत राज्यभरातल्या १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. टाच उचलून, पाय वाकडा टाकत धावणाऱ्याचे दहा-पंधरा सेकंद सहज जातात. वर्षभर सकाळी साडेचारला उठलेल्या पोराचे गुण रुपयाएवढ्या फोडाने खावेत, याचा मला राग येतो. कारण हा फोड टाळता येतो.

तो येतो कसा, हे समजून घ्या. आपल्याला वाटतं बूट बाहेरून घासतो आणि कातडं सोलतं. तळव्याला आणि टाचेला खरं तर तसं होत नाही. पाय जमिनीवर टेकला की आतलं हाड पुढे सरकतं, पण घामाने ओलं झालेलं वरचं कातडं मोज्याला चिकटून जागच्या जागी राहतं. मधले थर दोन्हीकडे ओढले जातात. १६०० मीटरच्या एका धावेत प्रत्येक पाय साडेचारशेच्या आसपास वेळा पडतो, आणि सराव तर त्याच्या तिपटी-चौपटीचा असतो. शेवटी कातड्याच्या आतच एक थर फाटतो आणि दोनेक तासांत तिथे पाणी भरतं. वरचं कातडं शाबूत राहिलं तर त्याच्याखाली चोवीस तासांत नव्या पेशी जोमाने वाढू लागतात आणि पाच दिवसांच्या आसपास नवा कडक थर तयार होतो. तेच कातडं ब्लेडने कापून टाकलं तर पाच दिवसांचं काम पंधरा दिवसांवर जाऊ शकतं, वर जंतूंना दार उघडं मिळतं. सोलू नका असं पहिल्याच परिच्छेदात सांगितलं ते यासाठी.

फोड येण्याआधी पाय एकदा सांगतो. धावताना एखाद्या जागी चटका बसल्यासारखं होतं, ती जागा लाल आणि गरम लागते. तिथेच थांबायचं. राउंड पुरा करून नाही, तिथेच. मोजा काढा, आत खडा किंवा चुणी आहे का बघा, पाय कोरडा करा, त्या जागेवर टेप लावा. आमच्याकडे मात्र थांबणाऱ्याला ‘लेचापेचा’ म्हणायची रीत आहे आणि काही सर तर वरून ओरडतात. सरांना हात जोडून सांगतो, चटका लागल्यावर थांबणाऱ्या पोराला शाबासकी द्या.

टेप म्हणजे काही महागडी वस्तू नव्हे. मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी, जिला सगळे मायक्रोपोर म्हणतात, तीच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या, अनेक टप्प्यांच्या शर्यतींमधल्या धावपटूंवर तिचा प्रयोग केला. पायाच्या काही भागांना टेप, बाकी पाय मोकळा. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला की टेप लावलेल्या जागी फोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी आले. लावताना पाय पूर्ण कोरडा हवा, पट्टीला चुणी नको, कोपरे कात्रीने गोल करा म्हणजे सुटत नाहीत. बोटाभोवती आवळून गुंडाळू नका. ज्याला नेहमी एकाच जागी फोड येतो त्याने धावण्याआधीच तिथे लावावी. व्हॅसलिनही चालतं, पण त्याचा गुळगुळीतपणा तासा-दोन तासांचा. आणि टेपच्या खाली लावलंत तर टेप टिकणार नाही.

बुटांबद्दल जरा कडक बोलतो. मोठ्या भावाचे, मित्राचे, दोन नंबर मोठे बूट कापूस कोंबून घालणं बंद करा. सैल बुटात पाय पुढे-मागे सरकतो आणि टाच जाते. घट्ट बुटात बोटं जातात. वाशिम-कारंजाच्या बाजारात ब्रँडच्या नावाची फर्स्ट कॉपी स्वस्तात मिळते. ती घ्यायची की नाही हे तुमचा खिसा ठरवेल, मी त्यावर नाक मुरडणार नाही. पण घेताना संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. ज्या मोज्यावर धावता तोच मोजा घालून बघा, उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि आत हात घालून शिवण कुठे टोचते का चाचपा. नाडीसाठी सगळ्यात वर एक जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामं ठेवतात. त्यातून नाडी ओवलीत तर टाच जागेवर बसते. नवा बूट चाचणीच्या निदान तीन आठवडे आधी घ्या. ‘ग्राउंडच्या दिवशी लकी म्हणून नवा बूट’ हा प्रकार तर कोणीच करू नये.

मोजे सुती घेऊ नका, हे ऐकून घरची मंडळी नाराज होतील. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. खेळाचे पॉलिस्टर किंवा नायलॉन मिश्रणाचे, पायाला बेताचे बसणारे मोजे बरे. रोज धुतलेले घाला. दोन जोड पुरतात.

अनवाणी धावणाऱ्यांसाठी एक सूचना. बारामतीच्या स्पर्धेत नऊवारीत, अनवाणी धावून जिंकलेल्या लता भगवान करे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मूळच्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पण त्यांचे पाय आयुष्यभर मातीत राबलेले होते. बारा वर्षं शाळेत चप्पल-बूट घातलेल्या पोराने एकदम डांबरावर अनवाणी पाच किलोमीटर मारले तर तळव्याचं सालटं निघणारच. एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊनंतर आपलं डांबर तव्यासारखं तापतं, हेही विसरू नका. ज्याला सवय करायची आहे त्याने मातीच्या मैदानावर, थोडं थोडं वाढवत जावं.

रस्त्यावर धावणाऱ्यांनी आणखी एक बघा. रिसोड रोड असो की मंगरुळपीरचा, डांबर मधे उंच आणि कडेला उतरतं असतं. रोज एकाच कडेने धावलात तर पाय बुटात एकाच बाजूला घसरतो आणि फोड नेहमी त्याच जागी येतो. शक्य तितकं मैदानावर या. तिथेही एकाच दिशेने फेऱ्या मारू नका, अधूनमधून उलट फिरा.

पावसाळा वेगळाच. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली आणि पावसाने अनेक ठिकाणी वेळापत्रक बिघडवलं. आपली काळी माती ओली झाली की बुटाखाली चिखलाचा दुसरा तळ चिकटतो. ओल्या मोज्यात तासभर राहिलेलं कातडं पांढरं, फुगीर होतं आणि लवकर फाटतं. जादा मोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेणं एवढं तर प्रत्येकाला जमेल. वावरात चिखलात काम करून ज्यांच्या बोटांत आधीच चिखल्या झाल्या आहेत त्यांनी त्यांचा इलाज आधी करून घ्यावा.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. गावातल्या दुकानात मुलींच्या मापाचे धावण्याचे बूट मिळत नाहीत, म्हणून त्या भावाचे किंवा शाळेचे पांढरे कॅनव्हास घालतात. फोड आला तर बहुतेकजणी घरी सांगतच नाहीत. सांगितलं तर ‘कशाला हवंय ते धावणं’ असं ऐकावं लागेल आणि पहाटे बाहेर पडण्याची कशीबशी मिळालेली परवानगी जाईल, ही धास्ती असते. आयाबायांनो, पोरगी लंगडत असेल तर तिला रागावू नका. पाय बघू दे म्हणा.

आता फोड आलाच तर काय करायचं ते.

लहान असेल, दुखत नसेल, तर हात लावू नका. जाड चिकटपट्टीला मधोमध फोडाएवढं भोक पाडून ती भोवती लावा, म्हणजे दाब फोडावर येत नाही. मोठा, टणटणीत, पाऊल टेकवू न देणारा असेल तरच पाणी काढायचं. हात साबणाने धुवा. फोड आणि भोवतालची जागा पोव्हिडोन आयोडिनने पुसा. मेडिकलमधून बंद पाकिटातली नवी सुई आणा. शिवणकामाची, माळ ओवायची, बाभळीचा काटा अजिबात नको. फोडाच्या कडेला, खालच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं पाडा, कापसाने हलके दाबून पाणी जाऊ द्या, कातडं वरच बसू द्या. वर व्हॅसलिन आणि निर्जंतुक गॉझ. पट्टी रोज बदला, ओली झाली तर लगेच. फोडातून दोरा ओवून तो आत ठेवायची रीत काही ठिकाणी आहे. तो दोरा म्हणजे घाण आत जायची वाट. रक्ताचा फोड असेल तर तो फोडूच नका. आणि ज्याला मधुमेह आहे त्याने यातलं काहीच घरी करू नये, थेट डॉक्टर गाठावा.

धावणं दोन-चार दिवस थांबेल, तयारी थांबणार नाही. गोळाफेकीचा सराव करा, पोटाचे-पाठीचे व्यायाम करा, दुखत नसेल तर सायकल चालवा.

बिब्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात तो घरोघरी असतो आणि काटा मोडला की चटका द्यायला पहिला तोच निघतो. बिब्याचं तेल निरोगी कातडीवरसुद्धा फोड उठवतं. उघड्या जखमेवर ते लावणं म्हणजे एका फोडाचे चार करणं. रुईच्या चिकाचंही तेच. आजीचा मान ठेवा, तिच्याकडून बाकी पुष्कळ शिका, पण या बाबतीत ऐकू नका.

एवढ्याशा फोडाने काय होतं, असं म्हणणाऱ्यांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या घरातली गोष्ट सांगतो. १९२४ च्या जूनअखेर कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाऊसच्या कोर्टवर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, त्यात जंतू गेले, रक्तात पसरले आणि ७ जुलैला तो गेला. देशातले उत्तम डॉक्टर उशाशी होते, पण पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. आज औषध आहे, तेही प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत. वेळेत पोचायचं तेवढं आपल्या हातात आहे.

म्हणून ही लक्षणं ध्यानात ठेवा: फोडातलं पाणी गढूळ किंवा पिवळं झालं, भोवतीची लाली दर तासाला पसरते आहे, पायावरून वर लाल रेघ चढते आहे, जांघेत अवधान आलं, ताप भरला. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. धनुर्वाताची लस सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात. तुम्ही घेतली होती का, हे आईला किंवा आशाताईंना आजच विचारून ठेवा.

हीच विनंती पायी जाणाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड करत आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. रामनवमीला पोहरादेवीची वाट पायी चालणारे हजारो. मुक्कामावर त्यांचे पाय चेपणं, फोडांना मलम लावणं ही आपल्याकडची मोठी सेवा आहे. पण एकाच सुईने दहा जणांचे फोड फोडू नका. काविळीचे आणि एचआयव्हीचे जंतू सुईवरून जातात. मधुमेही वारकऱ्याला पायाची संवेदना कमी असते, फोड आल्याचं त्याला कळतही नाही. त्याच्या तळव्याकडे तुम्हीच बघा.

आणि अकॅडमीवाल्यांनो, तुमच्याकडे थेट मागणं आहे. या आठवड्यात एक डबा भरा: कागदी टेपचे चार रोल, निर्जंतुक गॉझ, पोव्हिडोन आयोडिन, व्हॅसलिन, बंद पाकिटातल्या सुया, छोटी कात्री, साबण. एका मुलाच्या महिन्याच्या फीत हे सगळं येतं. आठवड्यातून एकदा सगळ्यांना बूट काढून बसवा आणि पाय तपासा. मुलींचे पाय तपासायला बाई असू द्या. डबा कुलपात ठेवू नका, आणि तो कुठे आहे हे कालच नाव घातलेल्या मुलीलाही माहीत असू द्या.