पुतळा पडला, चौथरा कायम

दिल्ली पोलिसांनी ७ एप्रिल २००० रोजी दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याच्यावर सट्टेबाजांशी संगनमत करून सामने ठरविल्याचा आरोप जाहीर केला. त्या गोष्टीला आता पाव शतक उलटून गेले. क्रोनिए २००२ सालीच कालवश झाला. तेव्हा हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील, आणि तो प्रश्न रास्तच आहे. प्रयोजन इतकेच की, त्या वेळी कोट्यवधी क्रिकेटरसिकांच्या वाट्याला जो भ्रमनिरास आला, त्यातून पुढे निष्पन्न काय झाले, याचा हिशेब आपण अद्याप मांडलेला नाही. क्रीडांगणावरील दैवत कोसळले म्हणजे आपण प्रथम हळहळतो, मग संतापतो, आणि काही काळाने एक तर सारे विसरतो किंवा उदार मनाने क्षमा करून मोकळे होतो. ज्या व्यवस्थेमुळे फसवणूक शक्य झाली ती व्यवस्था बदलण्याचे काम मात्र तसेच राहून जाते. पुतळा पडतो, चौथरा कायम राहतो, आणि त्यावर नवा पुतळा चढविण्यास आपण पुन्हा सज्ज होतो.

क्रोनिएची थोरवी पोकळ नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वर्णभेदी राजवटीमुळे बहिष्कृत झालेला दक्षिण आफ्रिकेचा संघ नोव्हेंबर १९९१ मध्ये कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला. त्यानंतर तीनच वर्षांत क्रोनिएकडे नेतृत्व आले. त्याने ५३ कसोटी सामन्यांत संघाचे नेतृत्व केले. त्यांपैकी २७ जिंकले आणि केवळ ११ गमावले. शिस्त, निग्रह, धर्मश्रद्धा आणि कष्टाळूपणा यांचा तो आदर्श मानला जाई. फेब्रुवारी-मार्च २००० मध्ये भारतात येऊन त्याच्या संघाने मुंबईची कसोटी तीन दिवसांत जिंकली, पाठोपाठ बंगळूरचीही जिंकली, आणि तेरा वर्षांनी भारताला मायदेशी कसोटी मालिका गमवावी लागली. पराभव पत्करूनही येथील रसिकांनी त्या कर्णधाराला मनापासून दाद दिली. नव्या दक्षिण आफ्रिकेला तर तो आपल्या पुनर्जन्माचेच प्रतीक वाटत होता.

म्हणूनच आरोप जाहीर होताच त्या देशाची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची झाली. तो अविश्वास क्रोनिएविषयी नव्हता, दिल्ली पोलिसांविषयी होता! संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाच्या खरेपणाविषयी शंका घेण्यात आली. कर्णधाराने वृत्तपत्र-प्रतिनिधींसमोर सारे आरोप साफ नाकारले, आणि क्रिकेट मंडळ त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. परंतु ११ एप्रिलच्या पहाटे त्याच कर्णधाराने मंडळाचे प्रमुख डॉ. अली बाखर यांना दूरध्वनी करून आपण संपूर्ण सत्य सांगितले नसल्याची कबुली दिली. भक्तीपुढे पुरावा प्रथम खोटा ठरतो आणि मग अकस्मात दैवतच खोटे ठरते. मधली पायरी, म्हणजे शांतपणे प्रश्न विचारण्याची, भक्तीला ठाऊकच नसते.

त्यानंतर जून २००० मध्ये केप टाउन येथे न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे जी खुली सुनावणी झाली, तिच्यातून बाहेर आलेल्या गोष्टींपैकी तीन विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. त्यांतील दोन महाराष्ट्रात घडल्या. पहिली मुंबईची. डिसेंबर १९९६ मध्ये एक सामना मुद्दाम गमावण्यासाठी देऊ केलेल्या लक्षावधी डॉलरांचा प्रस्ताव क्रोनिएने चक्क संघाच्या बैठकीत मांडला होता. काही खेळाडूंनी कडाडून विरोध केला आणि तो फेटाळला गेला. परंतु अशा प्रस्तावाची त्या वेळी जाहीर चौकशी झाली नाही. संघ मायदेशी परतला आणि कर्णधार कर्णधारच राहिला. दुसरी गोष्ट जानेवारी २००० मधील सेंच्युरियन कसोटीची. पावसाने तीन दिवस वाया गेल्यावर क्रोनिएने इंग्लंडच्या कर्णधारापुढे दोन्ही संघांनी एकेक डाव सोडून देण्याची कल्पना मांडली, सामना निकाली झाला, आणि या खिलाडू वृत्तीचे पुष्कळांनी कौतुक केले. त्या औदार्यामागे एका सट्टेबाजाचा आग्रह होता, आणि त्याबद्दल सुमारे ५०,००० रँड व चामड्याचे एक जाकीट त्याने स्वीकारले होते, हे मागाहून उघड झाले.

तिसरी गोष्ट नागपूरची, आणि आमच्या मते ती सर्वांत गंभीर आहे. १९ मार्च २००० रोजी तेथे झालेल्या एकदिवसीय सामन्यापूर्वी क्रोनिएने हर्शेल गिब्ज व हेन्री विल्यम्स या दोघा खेळाडूंपुढे प्रत्येकी १५,००० डॉलरांचे आमिष ठेवले. गिब्जने वीसपेक्षा कमी धावा कराव्यात आणि विल्यम्सने आपल्या षटकांत पन्नासहून अधिक धावा द्याव्यात, असा तो सौदा होता. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्जने ७४ धावा फटकावल्या आणि विल्यम्स दोन षटकेही पुरी न करता खांदा दुखावून मैदानाबाहेर गेला. सौदा फसला; पण अपराध व्हायचा तो होऊन गेलाच.

हे दोघे कोण होते? दोघेही गोरेतर समाजातील. ज्या समाजाला आदल्या राजवटीने राष्ट्रीय संघाची दारे बंद ठेवली होती, त्या समाजातून वर आलेले हे तरुण. संघातील स्थान टिकवायचे तर कर्णधाराची मर्जी राखणे त्यांना भाग होते. ‘नाही’ म्हणण्याचे बळ ज्यांच्यापाशी सर्वांत कमी, नेमके त्यांनाच कर्णधाराने हेरले. पैशाचा लोभ हा मनुष्यस्वभावाचा दोष आहे आणि त्याला माणूस पुष्कळदा बळी पडतो. परंतु आपल्या अधिकाराखालील दुबळ्या माणसाला त्या लोभात ओढणे, हा लोभाहून निराळा आणि अधिक मोठा अपराध आहे. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. क्रोनिएविषयी हळहळणाऱ्या बहुतेकांना हा भेद जाणवलेला दिसत नाही. त्यांचा शोक आपल्या भंगलेल्या मूर्तीविषयी असतो. सहा महिन्यांची बंदी भोगलेल्या त्या दोघा तरुणांविषयी तो क्वचितच असतो.

क्रोनिएने पैशाच्या हव्यासाची कबुली दिली आणि आपल्या अधःपाताचे खापर सैतानाच्या माथी फोडले. मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली, आणि ती उठविण्यासाठी त्याने केलेला अर्ज न्यायालयाने २००१ साली फेटाळला. १ जून २००२ रोजी जॉर्ज शहरानजीक डोंगरावर विमान कोसळून त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय अवघे बत्तीस होते. मृत्यूने मने मऊ झाली. २००४ साली दक्षिण आफ्रिकेच्या दूरचित्रवाणीने देशातील थोर व्यक्ती निवडण्यासाठी जनमत घेतले, त्यात क्रोनिएचे नाव अकराव्या क्रमांकावर आले!

क्षमेला आमचा विरोध नाही. मेलेल्या माणसाशी वैर धरण्यात पुरुषार्थही नाही. तथापि क्षमेची अट काय असावी, हे त्याच देशाने जगाला शिकविले आहे. वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्यशोधन व समेट आयोगाने, जो संपूर्ण सत्य सांगेल त्यासच माफी, असे तत्त्व अवलंबिले होते. क्रोनिएलाही खटल्यातून मुक्ततेचे आश्वासन त्याच अटीवर मिळाले होते. ती अट पुरी झाली की नाही, हे ठरण्याच्या आतच मृत्यूने प्रकरण मिटविले. अर्ध्या सत्यावर दिलेली क्षमा ही खऱ्या अर्थाने क्षमा नव्हे. तो केवळ विस्मृतीचा सौम्य प्रकार होय.

असे असले तरी त्या देशाच्या पदरी एक गोष्ट टाकलीच पाहिजे. त्याने आपला भ्रमनिरास अगदीच वाया जाऊ दिला नाही. २००४ साली संमत झालेल्या भ्रष्टाचारप्रतिबंधक कायद्यात क्रीडास्पर्धांतील भ्रष्टाचार हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला, आणि त्याच कायद्याखाली गुलाम बोदी या माजी क्रिकेटपटूला २०१९ साली पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

आता आपल्या घरात डोकावून पाहू. नागपूरचा सौदा भारतभूमीवर झाला. तो भारतीय पोलिसांनीच उघडकीस आणला. त्या गुन्ह्याचे आरोपपत्र न्यायालयात दाखल व्हावयास २०१३ साल उजाडले, म्हणजे तेरा वर्षे लागली, आणि तोवर मुख्य आरोपी मरून अकरा वर्षे झाली होती. त्यातील एका आरोपीला ब्रिटनहून येथे आणण्यास फेब्रुवारी २०२० उजाडले. वरातीमागून घोडे म्हणतात ते याहून निराळे नसावे. महंमद अझरुद्दीन यांच्यावर आपल्या मंडळाने डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी घातली. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ साली ती बेकायदा ठरविली. ते दोषी की निर्दोष हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवला, तरी त्याचा न्याय्य निर्णय बारा वर्षांत होऊ नये, हे दोहोंपैकी कोणत्याही बाजूस भूषणावह नाही.

विलंबाचे मूळ केवळ आळसात नाही. सामना ठरविणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून घोषित करणारा केंद्रीय कायदा आपल्या देशाने आजवर केलेला नाही. २०१३ च्या आयपीएल प्रकरणात संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्राने केलेला कायदा पोलिसांना दिल्लीत लावावा लागला, आणि २०१५ साली न्यायालयाने आरोपी खेळाडूंना आरोपमुक्त केले. कर्नाटक उच्च न्यायालयाने तर जानेवारी २०२२ मध्ये, सामना ठरविणे हा दंडविधानाखालील फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असा निर्णय दिला. न्यायालयांस आम्ही दोष देत नाही. जो कायदा अस्तित्वात आहे त्याचाच अर्थ त्यांनी लावावयाचा. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये असा कायदा करण्याची शिफारस केली, आणि विधि आयोगानेही २०१८ साली तीच गोष्ट सांगितली. परंतु पालथ्या घड्यावर पाणी! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मोठ्या तातडीने संमत केला. पैज लावणाऱ्याची चिंता करणाऱ्या संसदेला, पैज ज्याच्यावर लावली जाते त्या सामन्याच्या सचोटीची चिंता करावयास सवड मिळू नये, याचे नवल वाटते.

कायद्याने माणसे प्रामाणिक होत नाहीत, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे. पण अपुरा आहे. कर्णधारापुढे उभ्या असलेल्या तरुण खेळाडूला नकार देण्यासाठी आधार लागतो. कायदा, निर्भयपणे तक्रार ऐकणारी स्वतंत्र यंत्रणा आणि तक्रार करणाऱ्याला संरक्षण, हाच तो आधार. नागपुरात तो आधार नव्हता. आजच्या रणजी संघातील विशीतल्या पोराला तो आहे, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल?

रसिकांकडेही आमचे एक मागणे आहे. खेळाडूच्या कौशल्याचे कौतुक त्यांनी जरूर करावे, मुक्त कंठाने करावे. परंतु चेंडू सफाईने टोलविणारा हात व्यवहारातही स्वच्छच असेल, हा अंदाज खेळाच्या कोणत्याही नियमात बसत नाही. प्रश्न विचारणे म्हणजे द्रोह नव्हे. १९९६ साली मुंबईतील त्या बैठकीनंतर कोणी जाहीरपणे चार प्रश्न विचारले असते, तर पुढचे नागपूर कदाचित टळले असते, आणि एका गुणी कर्णधाराचा विनाशही कदाचित टळला असता. पंचवीस वर्षांपूर्वीच्या भ्रमनिरासाची किंमत रसिकांनी पुरेपूर मोजली आहे. त्या किमतीच्या बदल्यात एक नीट कायदा मागण्याचा त्यांना अधिकार आहे, आणि तो देणे हे संसदेचे कर्तव्य आहे.