जुना लेथ घ्या, पण धारेचे पैसे राखून ठेवा

हत्यारांवरच्या या स्तंभाला येणाऱ्या पत्रांत लाकूडकातकामाच्या लेथबद्दल बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: जुना केवढ्याला मिळेल? किमतीचा प्रश्न दुय्यम आहे. माझं मत विचाराल तर सुरुवात जुन्या, जड, बिडाच्या लेथनेच करावी. त्याच पैशात मिळणारं नवं हलकं यंत्र टाळावं. ओबडधोबड ओंडका फिरायला लागला की हलकं यंत्र टेबलासकट थरथरतं, आणि थरथरणाऱ्या लाकडावर नवख्याचा हात बसत नाही. ती थरथर बिडाचं वजन जिरवून टाकतं.

असा लेथ सापडण्याची जागा म्हणजे फर्निचरचे बंद पडलेले कारखाने आणि त्याहून चांगली म्हणजे पॅटर्न शॉप. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतकामाआधी वाळूत ज्याचा ठसा घ्यायचा, तो नमुना वर्षानुवर्षं लाकडाचा असे. गोल नमुने लेथवर कातले जात, तेही अचूक मापात. आता ते काम सीएनसीकडे सरकत चाललं आहे. त्यामुळे उत्तम यंत्रं कोपऱ्यात धूळ खात पडतात आणि शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एखादं जरी घरच्या कामाला लागलं, तरी त्याचं सोनं होईल.

पाहायला जाल तेव्हा रंग आणि वरवरचा गंज यांकडे दुर्लक्ष करा. पट्टा उतरवून स्पिंडल हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं आहे. ते बदलता येतं, तेवढा भाव पाडून घ्या. स्पिंडल वर-खाली, पुढे-मागे ढकलून त्यात खेळ आहे का बघा. टेलस्टॉक सरकवून दोन्ही सेंटरची टोकं एकमेकांसमोर आणा; ती जुळायला हवीत. बेडला किंवा हेडस्टॉकला तडा असेल तर मात्र तिथूनच परत फिरा. तडकलेलं बीड भरवशाने जोडणं घरगुती काम नव्हे.

मोटरवरची पाटी वाचा. कारखान्यातली मोटर बहुधा थ्री फेज, 415 व्होल्टची असते. घरी सिंगल फेज, 230. अशा वेळी मोटर बदलण्याचा खर्च आधीच धरावा. मध्यम आकाराच्या लेथला एक एचपी पुरते. स्पिंडलचे आटेही तपासा. आजचे चक एम 33 किंवा एक इंच आठ आट्यांसारख्या ठरावीक मापांना बसतात. जुन्या यंत्राचं माप वेगळं असू शकतं, म्हणून त्याची स्वतःची फेसप्लेट मागून घ्याच.

आता मुद्द्याचं. खिशातले सगळे पैसे लेथवर घालू नका. ग्राइंडर, हायस्पीड स्टीलच्या दोन-तीन चांगल्या पटाश्या आणि चेहरा पूर्ण झाकणारी ढाल यांच्याशिवाय लेथ नुसता उभा राहील. साधं कार्बन स्टील ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. हायस्पीड स्टील ती उष्णता सोसतं. नवख्याला तासताना वारंवार धार लावावी लागते, म्हणून हा फरक मोठा आहे. धारेमागचा उतार आधी फिरत्या लाकडाला टेकवायचा, मग मूठ सावकाश उचलायची. धार आपसूक चावू लागते. लांब, गुंडाळलेली ढलपी निघाली तर सगळं ठीक. नुसता भुसा उडायला लागला तर जोर लावू नका, थांबून धार लावा. कातकामातली निम्मी विद्या इथेच आहे.

सुरक्षेबाबत मी हट्टी आहे. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस यांतलं काहीही लेथजवळ नको. लांबट काम गोल करायची रुंद गोल पटाशी वाडग्यावर कधीही लावू नका. तिचं मुठीतलं शेपूट बारीक असतं आणि झटक्याने मोडतं. वेगासाठी जुना हिशेब ध्यानात ठेवा: इंचातला व्यास गुणिले फेरे, उत्तर सहा ते नऊ हजारांच्या मध्ये. दहा इंची वाडग्याला म्हणजे मिनिटाला 600 ते 900 फेरे. ओंडका ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. बटण दाबण्याआधी काम एकदा हाताने फिरवून बघा.

लाकूड विकत आणायची घाई नको. आंब्याची किंवा सुबाभळीची छाटलेली ओली फांदी मऊ कातते. वाळताना ती तडकते, म्हणून दोन्ही टोकांना मेण लावून ठेवा. सागात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, साग नंतर.

आणि एक विनंती. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. कर्नाटकात चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी देतात. हे ज्ञान हातात असतं, पुस्तकात त्याचा थोडाच भाग उतरतो. तुमच्या गावात लाटणी, रव्या, भोवरे कातणारा एखादा कातारी असेलच. लेथ घरी आणण्याआधी त्याच्याकडे जा, शेजारी बसून शिकवण्याबद्दल त्याला रोजच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे द्या, आणि पहिली पटाशी त्याच्याकडूनच धार लावून घ्या.