रजिस्टरबाहेरच्या बाया

‘हळद काढणीत ओपीडी पडते, म्हणजे लोक धडधाकट आहेत.’ हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारात हे वाक्य या आठवड्यात पुन्हा कानावर आलं, आणि या स्तंभाला जुनं भांडण पुन्हा काढावं लागलं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण काढणीतली बाई दवाखान्यात गेली की तिचा रोज बुडतो, तो कोणी भरून देत नाही.

वसा आणि अमिर्झा ही गडचिरोलीतली गावं वाचकांच्या लक्षात असतील. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथं दवाखान्यात बसून पेशंटची वाट पाहिली नाही. गावातल्या 650 बायांना तपासलं. 92 टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. 1989 साली ‘लॅन्सेट’नं हे छापलं. त्या गावांची पारख नुसत्या दवाखान्याच्या रजिस्टरवरून झाली असती, तर गाव निरोगीच ठरलं असतं.

आता बीड. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडा आला: 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. सहातली एक! त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होतं. फडावर एक दिवस चुकला की मुकादम खाडा लावतो, उचल अंगावर असतेच. दर महिन्याच्या दुखण्यापायी खाडे भरण्यापेक्षा पिशवीच काढलेली बरी, असा हिशेब बायांच्या गळी उतरला.

गडचिरोलीत बाई डॉक्टरपर्यंत पोचलीच नाही. बीडमध्ये पोचली आणि पिशवी गमावून परतली. पहिलीची नोंदच नाही. दुसरीची ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ अशी आहे. दोघींचं दुखणं मजुरीनं ठरवलं, आणि मजुरीचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नाही.

2024 मध्ये हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याचा आनंद मोठा आहे. पण कोणत्या घरात कोण दुखणं अंगावर काढतंय हे आशाताईंना आजही तोंडपाठ असतं. या हंगामात त्यांनी दारोदार एवढंच विचारून वहीत लिहावं: काय दुखतं, किती दिवसांपासून, आणि दवाखान्यात गेलात तर किती रुपये बुडतील? ती वही ओपीडीच्या आकड्याशेजारी ठेवूनच जवळा बाजारची आढावा बैठक व्हावी.