शेजाऱ्याच्या पाटीवरचे शब्द

जाहिरातीला साहित्याच्या अंगणात पाऊल टाकू द्यायचे नाही, हा आपल्या मराठी विभागांचा जुना सोवळेपणा. त्याचा परिणाम असा झाला आहे, की शब्दांचा जगातला सर्वांत मोठा लिलाव रोज आपल्या डोळ्यांदेखत चालतो आणि ज्यांना शब्द वाचता येतात असे आपण मानतो, ती मंडळी त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. मैदान मोकळे सापडल्यावर तेथे जे पंतोजी उगवले त्यांचा पहिला धडा एकच असतो: प्रतिस्पर्ध्याच्या जाहिराती हुडका, त्याचे शब्द हेरा आणि आपली जाहिरात सुधारा. हा उपदेश म्हणजे वाचनाचा अपमान आहे, आणि शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतल्या लहान व्यावसायिकाला तो नुकसानीचाही आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी लिलाव समजून घेऊ. शोधयंत्रावरची जागा शब्दागणिक विकण्याची पद्धत १९९८ साली अमेरिकेतल्या गोटू डॉट कॉमने रूढ केली. तेथे कोणी किती बोली लावली हे सर्वांना दिसत असे. गूगलची ॲडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली, २००२ पासून तिने लिलावाचा मार्ग धरला आणि २०१८ साली तिचे नाव गूगल ॲड्स झाले. येथे बोली झाकलेली. टिचकी पडली की जाहिरातदार सहसा आपली पूर्ण बोली मोजत नाही. खालच्याला मागे ठेवण्यापुरती रक्कम मोजतो. म्हणजे माझा दर माझ्या शेजाऱ्याच्या हव्यासावर ठरतो. एकाच शब्दावर पाच जण तुटून पडले तर पाचांनाही तो महाग पडतो. पाचांनी एकमेकांचे शब्द उचलावेत असा सल्ला सर्वांत फायद्याचा कोणाला, हे निराळे सांगायला नको.

बरे, हेरायचे म्हणजे दिसते तरी काय? मार्च २०२३ मध्ये गूगलने जाहिरात-पारदर्शकतेचे एक दालन उघडले. तेथे कोणत्याही जाहिरातदाराचे नाव घालून त्याच्या जाहिराती पाहता येतात. मात्र साध्या व्यापारी जाहिरातीमागचा शब्द कोणता, बोली किती, विक्री झाली की नाही, यांपैकी काही तेथे कळत नाही. लिलावाचा अहवाल मिळतो. त्यात आपण आणि तो किती वेळा समोरासमोर आलो, कोण वर राहिला, एवढी टक्केवारी असते. बाहेरच्या कंपन्या विकतात ते शब्दांचे अंदाज. आणि जेथे शोधणारे मोजकेच आहेत अशा तालुक्याच्या गावी त्या अंदाजांखाली उभे राहायला विदाच पुरेसा नसतो. त्यातून आजची शोध-जाहिरात ही एक जाहिरातही नव्हे. जाहिरातदार पंधरापर्यंत मथळे आणि चारपर्यंत वर्णने देतो, यंत्र त्यांतून प्रत्येक शोधाला वेगळी जुळणी करते. आपण जी पाहतो ती त्यांतली एक. एक कडवे वाचून कवीवर प्रबंध लिहिणाऱ्याला आपण वर्गात काय म्हणतो?

यावर उत्तर ठरलेले असते, की शेजारच्या दुकानाचा भाव पाहणे ही व्यापाराची आद्य रीत आहे. मान्य. पण बाजारात भावाबरोबर गिऱ्हाईकही दिसते. ते पिशवी भरून निघाले की रिकाम्या हाताने, हेही दिसते. येथे फक्त पाटी दिसते. 'जी जाहिरात महिनोन्‌महिने चालू आहे ती फायद्याचीच असणार' हा या विद्येचा लाडका सिद्धान्त. ती तोट्यातही चालू असेल, बंद करायची राहूनही गेली असेल, हे या सिद्धान्ताला ठाऊक नाही.

शिरूर तालुक्यातले मोराची चिंचोली घ्या. मोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन केंद्रे उभी केली आहेत. शहरातला माणूस शोधताना केंद्राचे नाव लिहीत नाही, गावाचे लिहितो. ते नाव चिंचांचे, मोरांचे आणि गावकऱ्यांच्या पिढ्यांचे. कोणा एकाचे नव्हे. समजा एका केंद्राने त्यावर बोली लावली, दुसऱ्याने त्याची जाहिरात पाहून लावली, तिसऱ्याने दोघांची पाहून. तिघांच्या मथळ्यांत हुरडा, चुलीवरचे जेवण, बैलगाडी आणि मोर एवढेच उरणार. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून तो दर विचारतो. मग दर उतरतात. आपल्याच गावाचे नाव उच्चारल्याबद्दल तिघांनी परदेशी लिलावदाराला भाडे भरायचे आणि वर एकमेकांचे मोलही उतरवायचे!

कायदा येथे फारसा धावून येत नाही. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ नुसार निव्वळ स्थळ दाखवणारे शब्द सहसा कोणाच्या मालकीचे होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नोंदवलेल्या नावांबाबतही दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी, गूगल आणि अगरवाल पॅकर्सची मालक डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या वादात, असे म्हटले की दुसऱ्याची मुद्रा शोधशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच उल्लंघन होत नाही. ग्राहकाचा गोंधळ उडायला हवा. पण त्याच निकालाने गूगल हा केवळ तटस्थ मध्यस्थ आहे हा बचाव नाकारला. लिलाव चालवणारा लिलावात सहभागी असतो, ही गोष्ट आपण समीक्षकांनीच आधी सांगायला हवी होती.

आता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात येऊ. येथे गुऱ्हाळे पुष्कळ. एखादा गुऱ्हाळवाला पंतोजींचा सल्ला मानून गुळाच्या जाहिराती पाहू लागला, तर त्याला 'सेंद्रिय', 'रसायनमुक्त' आणि 'कोल्हापुरी' हे शब्द भेटणार. तिसरा उचलला तर तो सरळ खोटे बोलतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. पहिले दोन सगळेच उचलतात, म्हणून ते मेलेले आहेत. भेंडीच्या पाण्याने मळी काढली, कढई कधी उतरवली, काकवी वेगळी मिळते का, हे ज्याला सांगता येते त्याने शेजाऱ्याकडून विशेषण का उसने घ्यावे?

याच तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मराठी बायबल त्यांच्यापुढे होते. त्याच्यावरच थोडी डागडुजी करून त्यांना मोकळे होता आले असते. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना उमगत नाही, हे त्यांनी ओळखले. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळाकडे गेल्या, आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवून ते काम छापले. (जाहिरातीच्या चर्चेत रमाबाई कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांचेच सोवळे मी वर म्हटले.) आधीच्या मजकुराचे दोष पाहणे आणि आधीच्या मजकुराची नक्कल करणे यांतला फरक याहून स्वच्छ मला दाखवता येणार नाही. प्रतिस्पर्ध्याची जाहिरात जरूर वाचावी, पण तिने काय सांगितलेले नाही हे शोधण्यासाठी. आणि मूळ म्हणून वाचायचे ते ग्राहकाचे शब्द: त्याने शोधयंत्रात स्वतः लिहिलेले, अशुद्ध, अर्धे मराठी, कधी रोमन लिपीतले.

ते शब्द जाहिरातदाराला शोधसंज्ञांच्या अहवालात दिसत असत. सप्टेंबर २०२० पासून गूगलने त्यातून पुरेशा लोकांनी न वापरलेले शोध गाळायला सुरुवात केली. कारण खासगीपणाचे दिले. म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानाला आपले गिऱ्हाईक पुष्कळसे वाचता येते, आणि ज्याच्याकडे महिन्याला मोजकेच शोध येतात त्या दौंडच्या गुऱ्हाळवाल्याचे गिऱ्हाईक नेमके गाळले जाते. गिऱ्हाईकाकडची खिडकी अशी २०२० साली अरुंद झाली. शेजाऱ्याकडची २०२३ साली सताड उघडली. पंतोजी दुसरीपाशी उभे राहून शिकवत आहेत. पहिलीतून जे थोडे अजून दिसते ते वाचायला शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांतली मराठीची मुले बसवली, तर बोलीचा, शब्दांच्या छटांचा, लोक वस्तूला खरोखर काय म्हणतात याचा अभ्यास त्यांना येथे करता येईल. अडचण इतकीच, की आपल्याकडे त्यासाठी प्रश्नपत्रिकेत जागा नाही.